प्रतिसाद: टेराफ्लॉप्सचा आकडा आणि खरा वेग

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्डाचे २०.३ टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी दशांश गणितं होतात तो आकडा) आणि त्याआधीच्या पिढीतल्या २०८० टीआयचे १३.४, मग गेममध्ये दोन्ही जवळपास सारखीच कशी, असा प्रश्न वर आलाय.

हा आकडा मोजलेला नसतो, गुणाकार असतो: कोअर (चिपमधले गणित करणारे छोटे भाग) × २ × बूस्ट क्लॉक (चिपचा जाहीर केलेला वाढीव वेग). ३०७० साठी ५८८८ × २ × १.७२५ गिगाहर्ट्झ = सुमारे २०,३०० गिगाफ्लॉप्स, म्हणजे २०.३ टेराफ्लॉप्स. दोनाने गुणायचं कारण, एक कोअर एका क्लॉकमध्ये गुणाकार आणि बेरीज एकत्र करतो.

गोम कोअर मोजण्यात आहे. ट्युरिंगच्या (२०८० टीआयची पिढी) प्रत्येक एसएममध्ये, म्हणजे कोअरच्या गटात, ६४ फ्लोटिंग पॉइंटचे (दशांश संख्यांचे) आणि ६४ वेगळे इंटिजरचे (पूर्ण संख्यांचे) कोअर होते. जाहिरातीत फक्त पहिले मोजले. अँपिअरमध्ये (३०७० ची पिढी) दुसरे ६४ दोन्ही कामं करतात, म्हणून सरसकट १२८ मोजले. पण गेममध्ये इंटिजरचं काम असतंच. एनव्हिडियाच्याच हिशोबाने, १०० फ्लोटिंग सूचनांमागे साधारण ३६ इंटिजर. तेवढे कोअर त्यात अडकले की २०.३ चे उरतात १५ च्या आसपास. झाला की फरक गायब!

शिवाय मेमरी बँडविड्थ, म्हणजे कार्डाच्या मेमरीतून सेकंदाला किती डेटा ये-जा करतो ते: बसची (मेमरीला जोडणाऱ्या मार्गाची) रुंदी बिटमध्ये ÷ ८ × मेमरीचा वेग. ३०७० ला २५६ ÷ ८ × १४ = ४४८ जीबी प्रति सेकंद, २०८० टीआयला ३५२ बिटमुळे ६१६. रिझोल्यूशन वाढवलं की हे जाणवतं. मेमरी ८ जीबी विरुद्ध ११ जीबी हा फरक तर आहेच.

टेराफ्लॉप्सची तुलना एकाच पिढीतल्या कार्डांत करा. एनव्हिडिया विरुद्ध एएमडी अशी तर नकोच.