शाळेच्या बँडात होतात का? काय वाजवायचात?

सांजवारा
काल समोरच्या शाळेत पंधरा ऑगस्टची प्रॅक्टिस सुरू झाली आणि मी पोळ्या लाटता लाटता पोळपाटावर लाटण्याने टर्रम टक टर्रम टक. मुलगी धावत आली, आई काय पडलं? सातवी ते दहावी साइड ड्रम वाजवलाय मी!! खरं तर मुलींना फक्त झांजा आणि ट्रँगल मिळायचं, पण एका मुलाला कांजिण्या आल्या आणि माझं नशीब उघडलं. पट्टा उजव्या खांद्यावरून, ड्रम डाव्या मांडीवर तिरका, त्यामुळे गुडघ्याच्या वर कायम काळंनिळं. चामड्याचे ड्रम आणि ऐन श्रावणात परेड, मग भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज यायचा. शिपाईकाका कोपऱ्यात रद्दी पेटवून शेकून द्यायचे. लिहा तुमचंही.

खडूस_काका
ब्यूगल. त्याला बटणं नसतात हे आजही कुणाला पटत नाही. ट्रम्पेटला तीन असतात, ब्यूगलला काही नाही, पाच सुरांत सगळ्या कॉल्स, आणि ते पाचही नुसत्या ओठांवर काढायचे. २६ जानेवारी, कडाक्याची थंडी, ओठ फुटलेले, पाहुणे आमदार. मी फुंकलं तर नुसतं फुस्स्स. सगळी शाळा सलामीत हात वर करून तशीच उभी. घरी आल्यावर आजी म्हणाली तूप लावायचं ना रे.

मृण्मयी_७८
काका 😂😂 आमच्या ब्यूगलवाल्याला तर परेडच्या आदल्या दिवशी गालगुंड झालं होतं

खडूस_काका
निदान त्याला कारण तरी होतं

पम्या
ब्रासो ब्रासो ब्रासो. शनिवारी दोन तास बँडचं पितळ त्या पॉलिशने घासायचो. डबी संपली की चिंच. बँडच्या नावाखाली ब्रासो सरांच्या घरची समई उजळायला जातं अशी वर्गात ठाम समजूत होती

सांजवारा
@पम्या चिंचेने नंतर हिरवं पडायचं ना पण?

पम्या
पडायचं, नीट धुतलं नाही की. मग परत मार

बेळगावकर
माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, त्यामुळे लहानपण बेळगावच्या कॅम्पात. आमच्याकडे घड्याळाचं काम ब्यूगल करायचा. संध्याकाळी झेंडा उतरवतानाचा रिट्रीट वाजला की क्रिकेट जागच्या जागी बंद, बॉलर रनअपमध्ये असला तरी सावधान. एकदा चेंडू हवेत होता, सगळे ताठ उभे आणि तो माझ्या डोक्यात. कॅच धरला असता तर वडिलांनी धरलं असतं. बॅगपाइपच्या बँडचं तर काय सांगू, काखेतली पिशवी आधी फुगवून घेतात तेव्हा सुरुवातीला जो रेड्यासारखा हंबरडा येतो ना, तो ऐकला की अजून काटा येतो. तीन नळ्या एकच सूर धरून बसतात आणि बोटं फक्त चँटरवर, म्हणजे भोकांच्या नळीवर. दिल्लीचं बीटिंग रिट्रीट दरवर्षी बघतो, २०२२ पासून त्यातून 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती भजन काढलं ते मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. गांधीजींचं आवडतं होतं. असो, राजकारण नको.

माडाखाली
गोव्यातलं सांगते. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना अक्षरांबरोबर सोल्फा (त्यांचं सारेगम) आणि व्हायोलिन शिकवत. लिहिलेलं म्युझिक वाचता येतं म्हटल्यावर ही माणसं संस्थानिकांच्या आणि मिलिटरीच्या बँडात गेली, पुढे मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात. आमच्या शेजारचे तियू त्यातलेच, ट्रम्पेट. म्हातारपणी दात काढले आणि वाजवणं संपलं, कवळीवर माउथपीस बसत नाही म्हणे. मग फेस्ताला बँड दारावरून गेला की बाल्कनीत बसून नुसती तीन बोटं गुडघ्यावर दाबायचे. आम्हाला तेव्हा हसू यायचं.

सांजवारा
अरे देवा. पोळपाट आठवला मला माझा.

मृण्मयी_७८
कवळीचं खरंय, माझ्या सासऱ्यांना शिट्टीसुद्धा येत नाही आता. कुणाला पुण्यात चांगला दातांचा डॉक्टर माहितीय का, कोथरूडच्या बाजूला?

पम्या
व्यनि करतो

बडोदेकर_सून
आमच्या बडोद्याला विसरू नका हो! सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली, मौलाबक्ष तिचे प्रमुख. ती आजच्या विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. संस्थानचा बँडही होता. मी मात्र शाळेत झांजा, चार मात्रांत एकदा. त्यातही चुकायचे.

रात्रपाळी
थोडं अवांतर. चुलत्याचा लग्नाचा बँड होता. सगळा माल मेरठहून, जली कोठी म्हणून भाग आहे तिथे पितळी वाद्यं बनतात. युफोनियम ट्रंकेत मावेना म्हणून रेल्वेत मांडीवर घेऊन आला, शेजारचा म्हणे पाण्याचा बंब आहे का. सीझन संपला की लाल कोट दोरीवर वाळत आणि वाजवणारे परत उसाच्या फडात. वरातीत नाचणाऱ्यांनी वाजवणाऱ्यांच्या तोंडाला नोटा लावू नयेत एवढी विनंती. ट्रम्पेट दातांवर आदळतो, समोरचे दोन गेले त्याचे.

खडूस_काका
दातांचा धागा झाला हा

सांजवारा
😄 झोपते आता. सकाळी सातला प्रॅक्टिस आहे समोर, मी खिडकीत असणारच. ती चौथ्या रांगेतली पोरगी कायम अर्धी मात्रा मागे आहे, ओरडून सांगावंसं वाटतं.