प्लव, वाव, उजर आणि 'पश्चिमेस खाडी'

खाडीवाला :
मंडळी, गणपतीला गावी गेलेलो, आमचं घर खाडीच्या काठाला आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन कागद शेजारी शेजारी डकवलेले, एक पाण्याचा आणि एक जमिनीचा, दोन्ही शुद्ध मराठीत आणि दोन्ही मला धड कळले नाहीत. मराठी माध्यमात शिकलोय हो मी.

पहिला साधारण असा : 'खाडीमुखानजीक बुडीत नौकेचा सांगाडा असून नौकानयनास धोका संभवतो. सदर ठिकाणी प्लव सोडण्यात आला आहे. किमान जलपातळीस पाण्याची खोली १.८ मीटर.'

दुसरा : 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक येथील खाली नमूद मिळकत... पूर्वेस रस्ता, पश्चिमेस खाडी... कोणाचा उजर असल्यास १५ दिवसांचे आत लेखी कळवावे.'

तर प्लव म्हणजे काय, उजर म्हणजे काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'पश्चिमेस खाडी' म्हणजे नक्की कुठून खाडी? कारण ती मिळकत चुलत्यांची आहे, लगतची आमची आहे, आणि मधे बराच गाळ साचून नवीन जमीन झालीय.

अंधेरी लोकल :
प्लव म्हणजे बोया असणार. संस्कृतात प्लव म्हणजे तरंगणारं. ज्याने लिहिलं त्याला बहुतेक वाटलं की बोया हा इंग्रजी शब्द आहे, मराठीत लिहायला हवं. पण बोया आता मराठीच झालाय की.

तांडेलाची लेक :
झालाय म्हणजे काय, आमच्या घरात दुसरा शब्दच नाही. माझे बाबा चाळीस वर्षं बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते, त्यांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले प्लव म्हणजे प्लायवूड का? ते १.८ मीटरही त्यांना नाही कळलं, पण मी सहा फूट म्हटल्यावर लगेच म्हणाले, म्हणजे एक वाव पाणी, अरे मग भरलेली बोट पुऱ्या सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, तिथनं न्यायचीच नाही. बघा, एका शब्दात काम झालं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढं होतं तेवढं, साधारण सहा फूट. दोरीला शिसं बांधून सोडायचं आणि वर ओढताना हात पसरत मोजायचं, अजून मोजतात. आणि 'किमान जलपातळी' म्हणजे आमची सुकती हो, तीही उधाणातली.

अंधेरी लोकल :
अच्छा, म्हणजे 'सुधारणेला वाव आहे' मधला वाव तोच का? हात पसरायला जागा आहे असा?

तांडेलाची लेक :
तसं असेल तर किती छान, पण मी छातीठोक नाही सांगणार. उधाण मात्र लोक चुकीचं वापरतात, 'चर्चेला उधाण' वगैरे. उधाण म्हणजे वादळ नाही. अमावस्या-पुनवेच्या आसपास भरती जास्त चढते आणि सुकतीही जास्त उतरते ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलतं तो भांग. वारा नसला, समुद्र तेलासारखा शांत असला तरी उधाण असतंच. टीव्हीवाले दर पावसाळ्यात 'समुद्राला उधाण' म्हणून लाटा दाखवतात तेव्हा बाबा टीव्ही बंद करतात.

अंधेरी लोकल :
ताई, मग हेही सांगा, मुंबईत दर वर्षी यादी येते ना, अमुक तारखेला साडेचार मीटरच्या लाटा उसळणार, ते काय असतं? मी एकदा ते बघायला मुद्दाम मरीन ड्राइव्हला गेलेलो, काही दीड मजली लाट वगैरे आली नाही.

जुना तलाठी :
ती लाटेची उंची नाहीच. भरतीची उंची आहे, आणि ती मोजतात कुठून ते कोणी छापत नाही म्हणून हा घोळ. समुद्राच्या नकाशावर शून्य धरतात ते जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीला, मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती ही सरासरीच्या दोनेक मीटर वर आलेलं पाणी, बस. त्यावर लाटा किती उंच ते वाऱ्यावर ठरणार, तो हिशोब वेगळा. २६ जुलै २००५ ला भरती ४.४८ मीटरचीच होती, साडेचारच्या आतच. घात केला तो ९४४ मिलिमीटर पावसाने, आणि भरती दुपारी नेमकी त्याच वेळी आल्यामुळे पाणी बाहेर जाईना.

हवामानाच्या इशाऱ्यात समुद्र 'खवळलेला' आणि 'अतिखवळलेला' असं येतं, हे मात्र मोजूनमापून वापरलेले शब्द असतात, नुसती विशेषणं नाहीत. खवळलेला म्हणजे अडीच ते चार मीटर लाटा, अतिखवळलेला म्हणजे चार ते सहा. नोटिशीत आकडा न देता नुसता शब्द देतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं लिहिणाऱ्याने जरा तिखटमीठ लावलंय.

तांडेलाची लेक :
आणि बावटा! 'बंदरावर तीन नंबरचा बावटा' ऐकलं की शहरातल्या माणसाला झेंडा दिसतो. प्रत्यक्षात दिवसा वर चढवायचे ते शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. आणि नंबर चढत गेला की वादळ मोठं असंही सरळ नसतं. एक नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी तयार होतंय, बंदराला काही नाही पण बाहेर जाणाऱ्या जहाजाने सांभाळा. तीन म्हणजे इथेच सोसाट्याचा वारा येऊ शकतो. पाच, सहा, सात या तिन्हींत धोका त्याच पायरीचा, फरक एवढाच की वादळ बंदराच्या कुठल्या बाजूने जाणार की थेट डोक्यावरून. शेवटचा अकरा, त्याचा अर्थ हवामानखात्याशी संपर्कच तुटला. आम्ही लहानपणी अकरा नंबरला घाबरायचो.

खाडीवाला :
हे सगळं भारी आहे पण माझ्या चुलत्यांचं काय? :)

जुना तलाठी :
येतो. आधी सोपे शब्द उरकतो. उजर म्हणजे हरकत, तक्रार. 'विनाउजर' असंही जुन्या दस्तात सापडतं, म्हणजे कुरकुर न करता. मौजे म्हणजे गाव, त्याचा मौजमजेशी संबंध नाही, मूळ अरबी शब्द मौजा. सदर आणि सदरहू म्हणजे वर सांगितलेला तो. सातबाऱ्यावर 'आकार' दिसेल, तो जमिनीचा साइज नाही, शेतसारा आहे, रुपये-पैशात. पुण्यातला एक शिकलेला मुलगा माझ्याशी अर्धा तास भांडला होता की आकार इतका कमी कसा, आमची जमीन गेली कुठे. आणि पोटखराबा म्हणजे त्या नंबरातला लागवडीला न येणारा तुकडा, कातळ, ओढा, रस्ता असं काही. त्यातही अ आणि ब असे वर्ग.

आता 'पश्चिमेस खाडी'. खाडी दिवसातून दोनदा पुढे येते, दोनदा मागे जाते, मग हद्द कुठली? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० बघा. समुद्राचा, बंदराचा, खाडीचा तळ, भरतीच्या पाण्याच्या खुणेखालचा, तो सरकारचा. म्हणजे तुमच्या चुलत्यांची जमीन भरतीच्या खुणेपाशी संपते, ओहोटीला चिखल उघडा पडतो तिथे नाही. नवीन साचलेल्या गाळाच्या जमिनीला मळई म्हणतात, तिची वेगळी कलमं आहेत, लगतवाल्याची ती आपोआप होत नाही.

गंमत बघा, तुमच्या फळ्यावरचा पाण्याचा कागद सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजतो आणि जमिनीचा कागद वरच्या भरतीपासून. दोघांच्या मधल्या पट्ट्यात जे भांडण व्हायचं ते होतं.

खाडीवाला :
आणि ती उच्चतम भरती रेषा म्हणतात ती हीच का? शेजारी म्हणतात तौक्ते वादळाच्या वेळी पाणी आमच्या पडवीत आलं, मग रेषा पडवीतून जाते.

जुना तलाठी :
नाही नाही, वादळात आलेलं पाणी धरायचं नाही. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या केंद्राच्या नियमांत, व्याख्या आहे, उधाणाच्या भरतीला जमिनीवर सगळ्यात वर जिथवर पाणी पोचतं ती रेषा. ताईंनी वर सांगितलं तेच उधाण, अमावस्या-पुनवेचं. तिथपासून खाडीकाठी २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते, २०१९ च्यात १०० चे ५० झाले. म्हणून उधाण शब्द कळला नाही तर घर कुठे बांधायचं तेही कळणार नाही.

गोंयकार :
मधेच बोलतो, आमच्याकडे याच भानगडीत 'खाजन' हा शब्द येतो. गोव्यात खाजन म्हणजे बांध घालून खाडीपासून सोडवलेली भातशेती, पाणी आतबाहेर करायला मानस असते, लाकडी दाराची. एकदा रत्नागिरीकडच्या मित्राच्या कागदावर 'खाजण' वाचून मी त्याला म्हटलं वा, भात चांगलं येत असेल, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या खाजणात भरतीचं पाणी आणि चिखल, बाकी काही नाही.

जुना तलाठी :
बरोबर. आमच्याकडे खाजणाला बांध घातला की मग ती खार होते, आणि तुमची मानस ती आमची उघाडी. तुमच्याकडे सातबारापण नाही ना?

गोंयकार :
ना, आमचा एक-चौदा! फॉर्म एक आणि चौदा. आकडेच वेगळे, भांडणं तीच.

तांडेलाची लेक :
असंच कांदळवनाचं, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या जंगलाचं. नोटिशीत 'कांदळवन तोड करू नये'. आमच्याकडे कांदळ हे एक झाड आहे, मुळं फांद्यांसारखी पाण्यात उतरलेली. तिवर वेगळं, चिपी वेगळी. एका म्हातारीने शांतपणे सांगितलं होतं, मी तिवर तोडला, कांदळाला हातपण लावला नाही. ती खोटं बोलत नव्हती.

अंधेरी लोकल :
पण मग करायचं काय, सरकारने गावागणिक वेगळी मराठी लिहायची का? पालघरला एक, वेंगुर्ल्याला एक? प्रमाण शब्द लागतातच ना.

तांडेलाची लेक :
लागू देत की, पण शेजारी आमचाही लिहा ना. 'बोया', 'एक वाव', 'पुरी सुकती', किती शाई लागते? केरळात कोळ्यांचा एक शब्द आहे कल्लक्कडल, चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही वादळ नाही आणि लांबून आलेल्या लाटांनी पाणी एकदम घरात. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचे इशारे देणारी सरकारी संस्था, आता इशारा देताना तोच शब्द वापरतं, भाषांतर नाही करत बसत.

खाडीवाला :
अपडेट. हरकत दिली, म्हणजे उजर दिला. अर्जात लिहिलं की 'पश्चिमेस खाडी' च्या जागी 'पश्चिमेस उधाणाच्या भरतीचे पाण्यापर्यंत' असं करा. समोरचे साहेब तिशीचे असतील, त्यांनी अर्जातल्या 'उजर' खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं हे काय, उजाड लिहायचं होतं का? मी त्यांच्याच नोटिशीवर बोट ठेवलं. म्हणाले तो साचा आहे, जुना, आम्ही फक्त नावं बदलतो.

आणि येताना धक्क्यावर गेलो तो प्लव बघायला. पिवळा असेल वगैरे वाटलेलं, तर तो पहिल्याच उधाणाला वाहून गेलाय म्हणे. तिथल्या पोरांनी त्या जागी थर्माकोलमध्ये बांबू खोचून वर लाल फडकं बांधून सोडलंय. एकाला विचारलं याला काय म्हणता, तर म्हणाला बावटा.