स्वतःचं लिहिलेलं टाकलं की लगेच स्पॅम?

रानजाई:
काल आपल्या साहित्य समूहावर एका सदस्याने लिहिलं, "ज्याला त्याला आपलीच कविता ऐकवायची असते. हा स्पॅमच आहे, अशांना काढून टाका." ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार येतो, तो कुणाला खुपत नाही. पु.लं.नी कधीच न लिहिलेलं काहीतरी त्यांच्या नावावर येतं, त्याला जोडलेल्या हातांची रांग लागते. आणि कुणी खपून कथा लिहिली की ती जाहिरात? अख्खी कथा इथे ठेवली, विचारलं त्याला उत्तर दिलं, इतरांचंही वाचलं, तर तो माणूस समूहाचाच आहे. नुसती लिंक फेकून पसार होणारा वेगळा. दोघांना एकाच मापाने मोजू नका.

वाघनख:
ते लिहिणारा मीच. समूह चालवून बघा, मग बोला. आधी चारोळी, मग तीच चारोळी सूर्यास्ताच्या चित्रावर, मग "कशी वाटली?", मग यूट्यूबची लिंक आणि सबस्क्राइब करायचा आग्रह. दुसऱ्याच्या कथेवर एक ओळ लिहायला मात्र यातलं कुणी फिरकत नाही. एका सदस्याचे वडील गेले, तर त्या बातमीखाली १० मिनिटांच्या आत एका गृहस्थांनी आपल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकलं, सवलतीच्या किमतीसकट. त्या दिवशी माझा संयम संपला. बहिणाबाई गेल्या होत्या का कुणाच्या मागे लागून ओव्या ऐकवायला? सोनं असेल तर लोक शोधत येतात.

रानजाई:
बहिणाबाईंचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. १९५१ साली त्या गेल्या, तोवर बाहेर त्यांना कवयित्री म्हणून कोण ओळखत होतं? सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली म्हणून १९५२ साली संग्रह आला. मुलगा स्वतः कवी, त्यात अत्र्यांशी ओळख. ज्यांच्या घरी सोपानदेव नाहीत त्यांनी काय करायचं? आपली वही आपणच लोकांपुढे न्यायची. ते गृहस्थ वाईटच वागले, पण त्यांची शिक्षा आम्हाला का?

जुना_मोडेम:
हा वाद नवा नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्याच्या, हजारो गटांत टाकली आणि लोक भडकले. पुढे तिथे स्पॅम ठरवताना मजकूर काय आहे यापेक्षा तो किती ठिकाणी ओतलाय हे मोजू लागले. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरही दहात एक असा संकेत होता, म्हणजे नऊ वेळा इतरांचं, एकदा आपलं. स्वतःचं आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे.

शेवंती:
तुम्ही स्पॅमवर भांडताय, चोरीचं कोण बोलणार? माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ते निवृत्त झाले तेव्हा मी कविता लिहिली, अशाच एका समूहावर टाकली. पुढच्या वर्षी ती आमच्या घरच्या ग्रुपवर आली, खाली नाव कुसुमाग्रजांचं! मावशी मलाच म्हणाली, असं लिहायला शीक. तेव्हापासून मी कुठेच काही टाकत नाही.

वाघनख:
ताई, वाईट वाटलं, पण हा विषय वेगळा आहे.

शेवंती:
वेगळा कसा? नावानिशी टाकलं तर स्पॅम म्हणून काढता, नाव पुसून फिरलं तर "वा!" म्हणता.

कलमबहाद्दर:
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ बघा. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. नोंदणी केली नसली तरीही.

वाघनख:
कलम माहीत असून उपयोग काय? एका कवितेसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार? व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली फॉरवर्डवर शिक्का आणला, भारतात एका वेळी ५ चॅटची मर्यादा घातली. लोक कॉपी करून चिकटवतात, की शिक्काही जातो आणि नावही.

शेवंती:
आणि तुम्ही काय केलंत? परवा सुरेश भटांची म्हणून जी गझल टाकलीत, ती त्यांची नाही. त्यांचे संग्रह माझ्या कपाटात आहेत, एकातही ती सापडत नाही.

वाघनख:
मला ती खात्रीच्या माणसाकडून आली होती.

शेवंती:
ज्याने लिहिली त्याचं नाव गेलं ना? तुमच्या खात्रीचं तो काय करणार?

वाघनख:
ठीक आहे, काढली. आता माझंही ऐका. आठवड्यात एक रचना, पूर्ण मजकूर, खाली नाव. विक्रीची लिंक अजिबात नाही. दुखवट्याखाली कुणी स्वतःचं टाकलं तर न विचारता काढणार.

रानजाई:
दुखवट्याचं शंभर टक्के मान्य. विक्रीच्या लिंकचं नाही. पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्याच्या प्रती घरातल्या पलंगाखाली पडून असतात. त्याला वर्षातून एकदा तरी सांगू द्या.

वाघनख:
वर्षातून एकदा, तेही दिवाळीत. याच्यापुढे मी जाणार नाही.

शेवंती:
आणि दुसऱ्याचं लिखाण नाव न देता टाकणाऱ्याला काय? तो नियम सगळ्यात वर लिहा, मग मी माझी कविता परत टाकते.