अनुभव धागा : तुमच्या घरी चंद्राला काय म्हणत असत?

पर्णकुटी

गेल्या संकष्टीला कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी नैवेद्याचे ताट घेऊन चंद्रोदयाची वाट पाहत उभी होते. दिनदर्शिकेत छापलेली वेळ उलटून पंचवीस मिनिटे झाली होती. पूर्वेला नव्याने उभ्या राहिलेल्या बावीस मजली इमारतीला दिनदर्शिका वाचता येत नाही, त्यामुळे हल्ली आमचा उपवास तेवढा लांबतो. शेजारी आठ वर्षांचा नातू शाळेचा कागद घेऊन बसला होता. त्यावर एका बाजूला ग्रह होते आणि समोर त्यांच्या चंद्रांची नावे भरायची होती. मंगळासमोर फोबोस आणि डायमॉस, गुरूसमोर गॅनिमीड, शनीसमोर टायटन, हे सगळे त्याने भरले होते. पृथ्वीसमोरची चौकट मात्र रिकामी होती. मी म्हणाले, "अरे, त्याचे नावच चंद्र." त्यावर तो म्हणाला, "म्हणजे कुत्र्याचे नाव कुत्रा ठेवल्यासारखे झाले, आजी."

मला उत्तर सुचले नाही. त्याऐवजी नारायण पेठेतला आमचा वाडा आठवला. माझ्या आजोबांचे नाव चंद्रकांत. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, एवढेच नव्हे तर त्या नावाचा तुकडाही उच्चारायचा नाही, असा आजीचा नेम होता. त्यामुळे आमच्या घरात चंद्र हा शब्दच नव्हता. आम्हा मुलांसाठी चांदोबा होता, परंतु संकष्टीच्या रात्री देवापुढचे पंचपात्र आणि पळी घेऊन सज्जात उभी राहिलेली आजी विचारायची ते "ते आले का वर?" असे. मी सहा वर्षांची असताना तिचा हा प्रश्न ऐकून खाली पारावर धावत गेले आणि गप्पांत रंगलेल्या आजोबांना म्हणाले, "आजी विचारतेय, तुम्ही अजून वर का आला नाहीत?" आजोबा चपला अर्धवट पायांत अडकवून लाकडी जिना धापा टाकत चढले. आजीने त्यांच्या खांद्यावरून कौलांकडे पाहिले आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाली, "तुम्ही नव्हे."

मला वाटते, आपल्या चंद्राला नाव नाही ही इंग्रजीची अडचण आहे. मराठीत चंद्र हे त्या एकट्याचेच विशेषनाम होते आणि म्हणूनच त्या शब्दाचे अनेकवचन करण्याची वेळ आपल्यावर कधी आली नाही. इतर ग्रहांभोवती फिरणाऱ्यांना आपण ते उसने दिले आणि आता मालकालाच नवे नाव शोधायला निघालो आहोत. तुमच्या घरी त्याला काय म्हणत असत आणि त्याला वेगळे नाव हवे की नको, हे सविस्तर लिहावे.

अवकाशवेडा

आपल्या आजींना नमस्कार. मी सुट्टीच्या दिवशी शाळांमध्ये दुर्बीण घेऊन जातो आणि हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. मूळ गोष्ट अशी आहे की जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवतीचे चार ठिपके दिसेपर्यंत जगाला एकच चंद्र माहीत होता, त्यामुळे जातीचे नाव आणि व्यक्तीचे नाव वेगळे ठेवण्याचे कोणाला कारणच नव्हते. गॅलिलिओने त्या चौघांना आपल्या आश्रयदात्या मेदिची घराण्याचे नाव दिले. आज प्रचलित असलेली आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो ही नावे सिमॉन मारियुसने १६१४ मध्ये छापली. केप्लरने त्यांच्यासाठी वापरलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ बड्या असामीच्या मागेपुढे चालणारा सेवक असा होतो. त्यावरूनच इंग्रजीतला सॅटेलाइट आला.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने इंग्रजीपुरता मार्ग असा काढला आहे की आपला चंद्र लिहिताना पहिले अक्षर मोठे काढावे आणि इतरांचे लहान. हे मी एकदा नववीच्या वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, देवनागरीत मोठा च कसा काढायचा?" तेव्हापासून मी ते सांगणे सोडून दिले आहे.

दोनचाकी

लूना हे नाव कोणी सुचवणार असेल तर आधीच हरकत नोंदवून ठेवतो. पुण्यात लूना म्हणजे १९७२ साली कायनेटिकने आणलेली पन्नास सीसीची मोपेड, हे सर्वांना ठाऊक आहे. आमचे वडील तिच्यावर पुढे भाजीची पिशवी आणि मागे आईला घेऊन अरण्येश्वरचा चढ चढत असत, आणि तो चढताना पेडल मारावे लागे. "आज लूना किती वाजता उगवणार?" असे कोणी विचारले, तर आमच्या पिढीचा माणूस "पेट्रोल आहे का बघा" असेच म्हणेल.

रिकामटेकडी

दोनचाकी, आमच्याकडेही होती. तिला माझा भाऊ चंद्री म्हणत असे, म्हणजे भाषांतर आमच्या घरात आधीच होऊन गेले होते.

निवृत्त_संस्कृत

पर्णकुटी यांचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. चंद्र हे तरी मुळात नाव कुठे आहे? वेदकाळच्या भाषेत चंद्र म्हणजे चकाकणारा, हे विशेषण. ज्याला ते लागले तो शब्द मास्, म्हणजे काळ मोजणारा. दोन्ही मिळून चंद्रमस् आणि त्यावरून आपला चंद्रमा. पुढे विशेष्य गळून पडले आणि विशेषण गादीवर बसले. आपला महिना त्याच मास् चा नातेवाईक आहे, आणि इंग्रजी मून व मंथ हीदेखील त्याच कुळातली आहेत. जगात बहुतेकांनी त्याला त्याच्या कामावरून किंवा रूपावरूनच हाक मारली आहे.

नावांचा तुटवडा तर आपल्याला मुळीच नाही. अमरकोशात चंद्राची वीस नावे आहेत. तासाला मी ती तालावर म्हणवून घेत असे. इंदू, विधू, सोम येथपर्यंत वर्ग सुरळीत येई आणि ग्लौ या नावापाशी कोसळे. ग्लौ म्हणजे चंद्रच, परंतु एकदा एका मुलाने ते इतक्या गंभीरपणे आणि इतके ओले उच्चारले की वर्ग दहा मिनिटे आवरला नाही. पुढे त्या मुलाचे टोपणनाव तेच पडले. तो आता चांगला मोठा वकील आहे आणि मित्र त्याला अजून त्याच नावाने बोलावतात. चंद्राला नवे नाव द्यायचेच असेल, तर हे एक विनावापर शिल्लक आहे.

शुद्धिपत्र

पर्णकुटी, एक दुरुस्ती सुचवते. अनेकवचनाची वेळ कधी आली नाही, हे खरे नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, म्हणजे शके १२१२ मध्ये, पसायदानात "चंद्रमे" असे अनेकवचन आले आहे. ते संतांसाठी आहे आणि तेथे सूर्यही एकाहून अधिक आहेत. गॅलिलिओच्या तीनशे वर्षे आधी मराठीने चंद्र अनेक करून ठेवले होते, आणि तेही डाग नसलेले.

आता माझी व्यथा. मी मुद्रितशोधनाचे काम करते. मुलांच्या एका पुस्तकात "शनीला २७४ चंद्र आहेत" असे वाक्य होते. मीही तुमच्याच मताची असल्यामुळे मी सर्वत्र चंद्र खोडून उपग्रह केले आणि फार समाधानाने पाने परत पाठवली. दोन दिवसांनी प्रकाशकांचा दूरध्वनी आला, की त्यांच्या मुलीने ते वाचून विचारले, शनीभोवती इतके उपग्रह कोणत्या देशाने सोडले? १९७५ मध्ये आर्यभट सोडल्यापासून उपग्रह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंख पसरलेली धातूची पेटीच येते. नैसर्गिक उपग्रह असे लिहिले तर अचूक होते, पण तो शब्द प्रत्येक ओळीत आला की पान शासकीय परिपत्रकासारखे दिसू लागते. शेवटी मी सगळे चंद्र परत आणले, आणि त्या दिवसापासून आपल्या चंद्राला स्वतःचे नाव असावे या बाजूला गेले.

पर्णकुटी

शुद्धिपत्र, "चंद्रमे" मान्य. रोज म्हणते, तरी लक्षात आले नव्हते; लाज वाटली. उपग्रहाचा मुद्दा मात्र अजून पचलेला नाही. वाचकाच्या डोळ्यांपुढे पेटी येते म्हणून आपण शब्द सोडून द्यायचा का?

कॅम्पातला

आमच्या घरी चंद्राला चांदच म्हणत, आणि माझी दादी महिन्यालाही चांदच म्हणत असे. "मोहरमचा चांद", "शाबानचा चांद" असे बारा चांद तिच्याकडे होते, त्यामुळे लहानपणी मला खरोखर वाटे की आकाशात पाळीपाळीने बारा निरनिराळे चंद्र येतात आणि प्रत्येकाला नाव असते. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही सगळी मुले गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून पश्चिमेकडे पाहत असू. ती कोर केसाएवढी असते आणि अर्ध्या तासात मावळते. ती प्रथम माझ्या बहिणीला दिसायची, दरवर्षी, आणि मला कधीच दिसायची नाही. चौथीत चष्मा लागल्यावर त्याचे कारण कळले. संकष्टीचा चंद्र उशिरा उगवून छळतो आणि आमचा लवकर मावळून. त्याला नाव द्या किंवा देऊ नका, वक्तशीरपणा तेवढा शिकवा.

रिकामटेकडी

चष्म्यावरून वाचताना मोठ्याने हसले. कुकरची शिट्टी मोजायची राहिली.

अवकाशवेडा

पर्णकुटी, मला आणखी एका गोष्टीचे वैषम्य वाटते. २०२४ च्या २९ सप्टेंबरपासून २५ नोव्हेंबरपर्यंत पृथ्वीजवळ एक पाहुणा होता. त्याचा आकार सुमारे दहा मीटर, म्हणजे पीएमपीच्या मोठ्या बसएवढासुद्धा नाही. त्याने पृथ्वीभोवती एक पूर्ण फेरीही मारली नाही, तरी वर्तमानपत्रांनी त्याला दुसरा चंद्र करून टाकले. तो ज्या लघुग्रहांच्या गटातला आहे त्या गटाला आपल्या महाभारतातल्या अर्जुनाचे नाव आहे. त्या दिवसांत माझ्या सोसायटीतले एक काका दररोज रात्री खाली येऊन विचारत की दोन चंद्र कोणत्या बाजूला दिसतात, आणि साध्या दुर्बिणीतून तो दिसणार नाही असे सांगितले की दुर्बीण माझी आहे म्हणून मी लपवतो, अशी त्यांची समजूत होई. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सूर्याभोवती फिरता फिरता पृथ्वीची सोबत करणाऱ्या एका लहानशा खडकाचे लोकांकडून नावे मागवून कार्डिया असे बारसे झाले. चांद्रयान तीनचा विक्रम चंद्रावर जेथे उतरला त्या जागेच्या शिवशक्ती या नावालाही मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. चंद्रावरच्या विवरांना आर्यभट, भाभा, साराभाई अशी नावे आहेत. घरातल्या प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी आहे आणि फाटकावर मात्र काही लिहिलेले नाही, असा हा प्रकार आहे.

दुसरीकडे, शनीच्या त्या २७४ पैकी बहुतेकांना अजून केवळ क्रमांकच आहेत, हेही सांगितले पाहिजे. मार्च २०२५ मध्ये एका दमात १२८ वाढले, तेव्हा बारशाला माणसे कोठून आणणार?

सदाशिव_पेठ_३०

फाटकावर पाटी नसलेले घर पुण्यात असू शकत नाही. "येथे भरती-ओहोटीची चौकशी करू नये" एवढे तरी लिहावे.

निवृत्त_संस्कृत

चांद्रयान तीन उतरले त्या दिवशी, २३ ऑगस्ट २०२३ ला, इस्रोच्या अध्यक्षांचे नाव सोमनाथ होते. सोम म्हणजे चंद्र. सोमनाथ म्हणजे चंद्राचा स्वामी. वीस नावांपैकी एक तरी कामी आले, असे म्हणून मी त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले.

ओसरी

मी सहसा लिहीत नाही. परंतु पर्णकुटी यांच्या आजींवरून लिहावेसे वाटले. आमच्या आईचे माहेरचे नाव इंदू होते. लग्नात ते बदलून सासरचे दुसरे ठेवले गेले आणि पुढची बावन्न वर्षे तिला त्याच नावाने ओळखले गेले. आजारपणात शेवटच्या महिन्यात तिचे धाकटे भाऊ भेटायला आले आणि त्यांनी दारातूनच "इंदूताई" अशी हाक मारली, तेव्हा आम्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिले, कारण हे नाव आम्ही घरात कधी ऐकलेच नव्हते. आईने मात्र पडल्या पडल्याच, एका क्षणाचाही विलंब न लावता, "ओ" दिली.

चंद्राला नवे नाव देऊ नये, असे माझे मत आहे.

शुद्धिपत्र

ओसरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी माझी बाजू सोडत नाही, पण आज त्यावर भांडणार नाही.

कॅम्पातला

ओसरी, आपल्या आईंना सलाम.

दोनचाकी

पर्णकुटी, शेवटी नातवाने त्या चौकटीत काय भरले? ते सांगितल्याशिवाय धागा सोडू नका.

पर्णकुटी

सांगते. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास बावीस मजल्यांच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मधल्या फटीतून चंद्र एकदाचा वर आला. आम्ही अर्घ्य दिले, मोदक खाल्ले, आणि खाताना मी त्याला आजी-आजोबांची ही गोष्ट सांगितली. "तुम्ही नव्हे" हे त्याने माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतले. मग कागद भरून दप्तरात ठेवून दिला आणि मला दाखवला नाही. काल तो तपासून परत आला. पृथ्वीसमोर त्याने सुवाच्य अक्षरात "ते" असे लिहिले आहे. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह दिले आहे आणि गुण कापलेला नाही.

निवृत्त_संस्कृत

एकविसावे नाव नोंदवून घेतले आहे. आदरार्थी बहुवचन असल्यामुळे अनेकवचनाचा वादही मिटतो.

रिकामटेकडी

आज पुन्हा संकष्टी आहे. आमच्याकडे हडपसरला ढग आहेत आणि सासूबाई सकाळपासून उपाशी आहेत. कोथरूडला ते आले का वर?