पहिलटकरीण बहिणीसोबत लेबर रूममध्ये थांबायचंय, मदत हवी आहे

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. ३७वा आठवडा, रिपोर्ट नॉर्मल. तशी धीट आहे, पण डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी टाक्यांपासून अडलेल्या बाळापर्यंत काय काय ऐकवलं! आता रात्री दोनला मला उठवते, "ताई, मला नाही जमलं तर?"

नाव उपजिल्हा रुग्णालयात घातलंय. आईचं बीपी वाढतं, म्हणून सोबत मी थांबणार. पण माझं सिझर ठरवून झालेलं, कळा मला माहीतच नाहीत. "घाबरू नकोस" यापलीकडे काय करू?

प्रतिसाद १
बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. आधी एक विचारून ठेव. 'लक्ष्य' या सरकारी लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमात (२०१७) सोबतीण चालते, पण सरकारी सूचनांप्रमाणे ती स्वतः कळा सोसलेली असावी लागते.

भीतीने ॲड्रिनलिन वाढतं, कळा आणणारं ऑक्सिटोसिन दबतं आणि अंग आखडतं. तेव्हा तिचे खांदे, जबडा सैल आहेत का ते बघ. कळ आली की कमरेखाली, माकडहाडाच्या वर तळहात घट्ट दाबून धर. गरम चहावर फुंकर घालतो तसा लांब श्वास सोडायला लाव, तूही सोड. कळ साधारण मिनिटभराची, मग ओसरते. तेवढ्यात घोटभर पाणी. ओरडली तर ओरडू दे. सिस्टर हो म्हणाल्या तर चालव.

पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंत पहिलटकरणीला फार वेळ लागू शकतो. तपासणी झाल्यावर "अजून तीनच?" हे तुझ्या तोंडून निघता कामा नये! त्या दोन शब्दांनी गळून गेलेल्या किती पोरी बघितल्यात.

पाणमोट फुटली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न बघता निघा.

प्रतिसाद २
श्वासबिस मला नाही बाई जमलं. वहिनी कपाळावर ओला रुमाल ठेवत होती, तेवढंच आठवतं. झोप रोजच उडत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ती
विचारून आले. सिस्टर म्हणाल्या, कळा सोसलेलीच हवी. काकू तयार आहे, तिची दोन्ही नॉर्मल. उद्या दोघींना लेबर रूम दाखवणार आहेत. काकूला आत्ताच बजावलंय, सेंटीमीटर मोजायचे नाहीत.