गोल गठ्ठे उचलायला पिकअपवरचा बेल बेड घ्यावा की ट्रॅक्टरच बरा?

कॅन्ससची_सून
नमस्कार मंडळी. आमचं (सासरचं) रँच कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये आहे. इथे मातीचा थर पातळ आणि खाली चकमकीचा दगड. त्यामुळे नांगर कधी चाललाच नाही आणि उंच गवताचं माळरान टिकून राहिलं. १२० गायी आहेत, वासरं मांसासाठी विकतो. हिवाळ्यात एका गायीला दिवसाला साधारण ३० पौंड सुकं गवत धरलं, तर रोज ३,६०० पौंड लागतं. म्हणजे १,२०० पौंडांचे तीन गोल गठ्ठे. कुरणं तीन ठिकाणी विखुरलेली, त्यातलं एक हमरस्त्याने पाच मैल लांब.

लोडरचा (पुढे गठ्ठे उचलायचे हात बसवलेला) ट्रॅक्टर आता थकला आहे. सासऱ्यांना दुसरा ट्रॅक्टर हवा आहे, मला बेल बेड. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिकअपचा मागचा हौदा काढून तिथे सपाट पोलादी बेड बसवतात, त्याच्या मागच्या टोकाला दोन हायड्रॉलिक हात असतात. ते गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी आवळून उचलतात. एक गठ्ठा पुढे बेडवर, दुसरा हातांत. कुरणात हात खाली केले की गठ्ठा जागेवर फिरतो आणि गाडी पुढे जाईल तसा चटईसारखा उलगडत जातो. गठ्ठ्याभोवती गुंडाळलेली प्लास्टिकची जाळी कापायला तेवढं खाली उतरायचं.

माझं ठाम मत आहे की चारा रोज, लांब आणि वेगवेगळ्या जागी टाकायचा असेल तर हेच खरं अवजार. विरोधी मतं मांडा, घरात मला तीच ऐकायची आहेत.

लोडरप्रेमी
ताई, मी सासऱ्यांच्या बाजूने. आम्ही नेब्रास्कात.

आधी वजन बघा. मागे दुहेरी चाकं असलेल्या वन-टन पिकअपची ('वन-टन' हे नुसतं वर्गाचं नाव) गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा साधारण १४,००० पौंड असते. त्यात डिझेल इंजिन, चार दारांची केबिन, पोलादी बेड, पंप, भरलेली टाकी आणि माणूस. मग दोन गठ्ठे. हातांतला गठ्ठा मागच्या आसाच्याही मागे लोंबतो, म्हणजे पुढची चाकं हलकी होतात. ओल्या उतारावर स्टिअरिंग ऐकत नाही, हा अनुभव मला पुन्हा नको.

आणि ट्रॅक्टर फक्त गठ्ठे उचलत नाही. बर्फ बाजूला करतो, शेणखत ओढतो, कुंपणाच्या खांबांचे खड्डे पाडतो. बेल बेड उन्हाळाभर काय करणार?

कॅन्ससची_सून
दादा, वजनाचं म्हणणं रास्त आहे, म्हणूनच त्याहून लहान वर्गाची तीन-चतुर्थांश टनी गाडी मी यादीतूनच काढली. तिची मर्यादा १०,००० पौंडांच्या आसपास, बेड बसवल्यावर उरतं काय? पण आमचे दोन गठ्ठे मिळून २,४०० पौंड, आणि जड गठ्ठा पुढे ठेवायचा हे पथ्य पाळता येतं.

उन्हाळ्यात तोच सपाट बेड कुंपणाचं सामान, मीठ आणि खनिजाच्या विटा, पाण्याची टाकी वाहतो. शिवाय आमचं माळावरचं गवत जुलैत कापलेलं, प्रथिनं ५-६ टक्क्यांवर. गाभण गायीला शेवटच्या महिन्यांत ७-८ टक्के तरी लागतात. म्हणजे पेंडेच्या गोळ्या द्याव्याच लागतात. गोळ्या टाकणारं यंत्र त्याच बेडवर बसतं. एका फेरीत गवतही आणि पेंडही. ट्रॅक्टरने हे करायला दोन फेऱ्या लागतील.

आणि सुरक्षेबद्दल बोलायचं तर लोडर उंच उचलला, मागे वजन नसलं, की ट्रॅक्टर पुढे झुकतो. गठ्ठा लोडरच्या हातांवरून घरंगळत चालकावर येतो, आणि त्याने माणसं मेलेली आहेत. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला केबिन नाही. सासरे सत्तरीचे आहेत. माझ्यासाठी हा मुद्दा पैशाच्या वरचा आहे.

हायड्रॉलिकवाला
बेड घ्यायचा ठरलाच तर कंपनीच्या नावाआधी पंप ठरवा. विजेवरचा पंप बसवायला सोपा आणि गाडी बदलली तर नव्या गाडीवर नेता येतो. पण हात हळू हलतात आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीवर ताण येतो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा क्लच पंप वेगवान. मात्र त्याचं किट त्या त्या इंजिनासाठी बनलेलं असतं, दुसऱ्या गाडीवर जाईलच असं नाही. रोज तीन गठ्ठे असतील तर मी क्लच पंपच घेईन.

हातांऐवजी गठ्ठ्यात खुपसायचा एकच सुळा असलेला स्वस्त बेडही मिळतो. गठ्ठा फक्त नेऊन गोल रिंगमध्ये (गायी बाहेरून तोंड घालून खातात त्या कड्यात) ठेवायचा असेल तर पुरतो, उलगडायचा असेल तर नको.

तुम्ही तर या धंद्याच्या माहेरी आहात. हायड्राबेड नावाचा बेल बेड बनतो सबेथाला, डीवीज नावाचा हार्परला, दोन्ही गावं कॅन्ससमध्येच. सुटे भाग जवळ मिळणं हे जानेवारीत फार मोठं सुख असतं.

उत्तरेचा_गवळी
मी नॉर्थ डकोटाहून लिहितो. माझं म्हणणं दोघांच्याही विरुद्ध आहे. हिवाळ्यात रोज इंजिन सुरू करायचंच कशाला?

शरद ऋतूत जमीन कोरडी असताना गठ्ठे कुरणात रांगांनी मांडून ठेवा. विजेची तार सरकवत गायींना थोडे थोडे गठ्ठे मोकळे करा. शेण आणि मूत्र तिथेच पडतं, पुढच्या वर्षी गवत हिरवंगार. मांडायला एकदाच भाड्याने ट्रॅक्टर आणा. जाळी मात्र आधीच काढा. गायीच्या पोटात गेलेलं प्लास्टिक पचत नाही, बाहेरही पडत नाही.

कॅन्ससची_सून
पद्धत मला आवडते, पण दोन अडचणी आहेत. पाच मैलांवरचं कुरण भाड्याचं आहे, मालक गठ्ठे मांडू देणार नाही. दुसरं म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊस आणि चिखलच जास्त. पाच फूट व्यासाच्या गठ्ठ्याचा बाहेरचा सहा इंचांचा थर म्हणजे जवळपास ३६ टक्के गवत. तो थर उघड्यावर महिनोन्‌महिने भिजत ठेवायचा?

लोडरप्रेमी
चिखल म्हणालात म्हणून विचारतो. उलगडलेलं गवत त्याच चिखलात तुडवलं जाणार नाही का? मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या २००३ च्या अभ्यासात शंकूच्या आकाराच्या फीडरमध्ये ३.५ टक्के आणि साध्या रिंगमध्ये ६.१ टक्के गवत वाया गेलं होतं. जमिनीवर पसरून एवढी बचत होईल असं मला वाटत नाही.

कॅन्ससची_सून
दोन दिवसांचं एकदम पसरलं तर नाही होणार, गायी त्यावर बसतात. एका दिवसाचंच, रोज नव्या जागी टाकलं तर त्या चाटूनपुसून खातात. रिंगभोवती मात्र गुडघाभर चिखल होतो आणि वासरं त्यातच लोळतात. वासरांच्या हगवणीचा खर्च त्या टक्क्यांत धरलेला नाही.

मुरघासवाला_सांगली
हे आपल्याकडे पिकअपवर बसवता येईल का? माझे मुरघासाचे बेल आहेत, माणसं मिळत नाहीत.

हायड्रॉलिकवाला
दादा, घाई करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आरटीओत अडकाल. आणि बेल गोठ्याजवळच असतील तर ट्रॅक्टरच्या लोडरला मागे वजन लावून काम भागेल. एका बेलचं वजन आणि ट्रॅक्टरचे एचपी सांगा.

लोडरप्रेमी
ताई, पेंडेच्या गोळ्यांचा मुद्दा मला पटला, सुरक्षेचाही. पण माझं मत अजून केबिनवाल्या ट्रॅक्टरलाच. गाडी घेण्याआधी दोन गठ्ठे आणि भरलेलं गोळ्यांचं यंत्र लादून ती वजनकाट्यावर न्या, पुढचा आस वेगळा मोजा आणि आकडा इथे टाका. मग बोलू.