मदत हवी आहे: सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट

मंडळी, परळला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप आहे. विंडोज ११ त्यावर चढत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि नवीन मशीनचा खर्च सर्वसाधारण सभेत कोण मंजूर करणार! म्हणून मिंट २२ (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली) टाकलं. विंडोजही शेजारी ठेवलंय, कारण सेक्रेटरी काकांचा अजून भरवसा बसलेला नाही. मेल, मेंटेनन्सची बिलं, लिब्रेऑफिस सगळं सुरळीत चालतंय. अडलंय ते असं:

खरी डोकेदुखी जुन्या इतिवृत्तांची आहे. वर्डच्या फायली विंडोजवर उघडल्या की स्वच्छ मराठी, मिंटवर उघडल्या की इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि टक्क्याच्या खुणांची खिचडी. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरचं किंवा बातम्यांचं मराठी मात्र नीट दिसतं. रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे, त्यामुळे जुने ठराव रोज कुणीतरी मागतंच.

घड्याळाचाही घोळ आहे. मिंट वापरून मग विंडोज चालू केलं की सकाळी अकराला साडेपाच वाजलेले दिसतात. लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्डचा सेल आणून बदलला, फरक शून्य.

विंडोजच्या ड्राइव्हमधल्या फायली मिंटमधून उघडतात, पण सेव्ह होत नाहीत.

शिवाय सेक्रेटरी, खजिनदार आणि ऑफिसातला मुलगा एकाच खात्यात बसतात. वेगळी खाती केली तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे ठेवावा? खजिनदार काका अपडेटची ढाल दिसली की ती खिडकीच बंद करतात, वर अँटिव्हायरस कुठला घ्यायचा ते विचारतात.

प्रतिसाद १
सेल बिचारा निर्दोष होता. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या (इंग्रजी अक्षरांत, अर्थात) आणि विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा नीट लावा.

सेव्ह न होण्यामागे बहुतेक विंडोजचं फास्ट स्टार्टअप असणार. त्यात विंडोज पूर्ण बंदच होत नाही, म्हणून मिंट त्या ड्राइव्हवर लिहीत नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा.

इतिवृत्तं युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या फॉन्टमधली दिसतायत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. विंडोजमधून त्या फॉन्टची टीटीएफ फाइल उचला (परवान्यात बसतंय ना ते बघून), मिंटच्या होम फोल्डरमध्ये (आपल्या खात्याच्या फायलींची जागा) '.लोकल'च्या आत 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' फोल्डर करून तिथे ठेवा आणि टर्मिनलमध्ये 'एफसी-कॅश' चालवा (तीही इंग्रजी अक्षरांत), म्हणजे मिंटला नवा फॉन्ट कळेल. टिंबाने सुरू होणारे फोल्डर कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतात. याने वाचता येईल, पण 'ठराव' असा शब्द शोधलात तर काही सापडणार नाही. त्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल, आणि नंतर रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागेल.

प्रतिसाद २
अ‍ॅडमिन खातं एकच ठेवा, बाकी तिघांना स्टँडर्ड. पासवर्ड बंद पाकिटात घालून ऑफिसच्या कपाटात, कमिटी बदलली की पाकीटही नवीन. ढाल म्हणजेच अपडेट मॅनेजर, काकांना सांगा तिला दाबायचंच असतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आधी टाइमशिफ्ट (सिस्टिमची प्रत जपून ठेवणारा प्रोग्राम) लावून ठेवा, अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं. पण त्यात होम फोल्डर मुळात धरलेला नसतो, तेव्हा इतिवृत्तांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर हवीच. सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घेणार असाल तर अँटिव्हायरसवर सोसायटीचे पैसे घालवू नका.

ऑफिसातल्या मुलाला पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल दाखवा, लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, फुकट.

वर्डमध्ये एखादी जुनी ओळ निवडली की वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव येईल. ते इथे टाका, कन्व्हर्टर त्यावर ठरेल.